घरच्या पडवीत इंजिन धुताना: पहिल्यांदाच बाइक खोलणाऱ्यांसाठी

वडिलांची १९९९ सालची हिरो होंडा स्प्लेंडर मी दोनदा खोलली. पहिल्यांदा हौसेने, दुसऱ्यांदा नाइलाजाने. पहिल्या वेळी इंजिनाचा एकेक भाग असा घासला होता की आई म्हणाली, "देवाची भांडी कधी एवढी घासली नाहीस." गाडी एका किकमध्ये सुरू झाली, डिचोली ते पणजी फेऱ्या सुरू झाल्या आणि साधारण सहाशे किलोमीटरवर हेडमधून (सिलिंडरच्या झाकणातून) कटकट ऐकू यायला लागली. परत खोललं तर कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) उंचवटे खरवडलेले, त्यांवर घासणारे रॉकरचे तळ पॉलिशपेपर मारल्यासारखे. हेडकडे तेल नेणाऱ्या वाटेत राखाडी गाळ अडकला होता. बोटांत चोळला तर करकरत होता. तो गाळ मीच आत घातला होता, धुताना.

तेव्हा हा लेख चकाकीबद्दल नाही. आतले भाग धुवायचे ते तेलाची वाट मोकळी व्हावी म्हणून, आणि काय झिजलंय ते डोळ्यांना दिसावं म्हणून. बाहेरून मळकट पण आतून वाटा साफ असलेलं इंजिन वर्षानुवर्षं चालतं. उलट प्रकार किती चालतो ते वर सांगितलंच.

इथे मी ९७.२ सीसीच्या आडव्या चार-स्ट्रोक इंजिनाबद्दल लिहितोय, कारण तेच मला माहीत आहे आणि गोव्यात गल्लोगल्ली तेच आहे. तुमची गाडी दुसरी असेल तर रीत तीच, पण भागांच्या जागा वेगळ्या. आरएक्स १०० सारख्या दोन-स्ट्रोक गाडीत क्रँकला (पिस्टनच्या ये-जेने गोल फिरणाऱ्या दांड्याला) तेल पेट्रोलबरोबर मिसळून येतं, त्यामुळे तेलाच्या वाटांबद्दल पुढे जे येईल त्यातलं बरंच तिला लागू नाही. आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा आणि मगच पहिला नट सोडा.

१. आधी आभाळ बघा

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत हवेत एवढं पाणी असतं की धुतलेला ओतीव लोखंडाचा बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) सकाळी रुपेरी दिसतो आणि जेवून येईपर्यंत त्यावर केशरी छटा चढलेली असते. किनारपट्टीला राहत असाल तर वर खारा वाराही आहे. मी पहिल्यांदा जुलैच्या मध्यावर सुरुवात केली, म्हटलं चवथीच्या आत होऊन जाईल. चवथ आली तेव्हा माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) बांधायच्या खोलीत क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं कवच, पडलेली होती आणि घरात रॉकेलचा वास. त्यावरून जे बोलणं खाल्लं ते अजून अधूनमधून ऐकवलं जातं.

ऑक्टोबरच्या शेवटापासून मेपर्यंतचा काळ घ्या. पावसात करणं भागच असेल तर एका दिवशी एकच भाग धुवा आणि तो तेल लावून, पिशवीत बंद करूनच उठा.

जागा पडवीची किंवा शेडची, वारा खेळता. स्वयंपाकघर, देव्हाऱ्यातली समई, इन्व्हर्टर आणि विडी ओढणारे शेजारी या सगळ्यांपासून लांब. विहिरीजवळ अजिबात नको. आपल्या जांभ्या दगडात पाणी झिरपायला वेळ लागत नाही, तेलही त्याच वाटेने जातं.

२. सामान जमवा

हे आधी हाताशी ठेवा, कारण तेलकट हातांनी बाजारात जाता येत नाही:

- रॉकेल किंवा डिझेल, चार-पाच लिटर. रॉकेल मिळालं तर उत्तम, ते पातळ असतं आणि लवकर उडून जातं.
- पाण्यात मिसळणारा डीग्रीझर (तेलकट थर काढणारं द्रावण), फक्त बाहेरच्या धुलाईसाठी.
- कार्ब्युरेटर क्लीनरचे दोन कॅन.
- भांड्यांचा साधा लिक्विड साबण आणि गरम पाणी.
- नवीन इंजिन ऑइल. त्यातलं थोडं धुतलेल्या भागांना लावायला.
- तीन थाळ्या किंवा पसरट टब, तीन ब्रश, जुने टूथब्रश.
- लाकडी किंवा प्लास्टिकची खरवडणी. मी बांबूची काप तासून घेतली, तिच्याइतकं बरं काही सापडलं नाही.
- वेगवेगळ्या जाडीचं तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा. मासे पकडायचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. तेलाची बारीक भोकं साफ करायला तारेपेक्षा हजारपट चांगलं, कारण ओरखडा पडत नाही.
- अंड्यांचे ट्रे, झिपच्या पिशव्या, चिकटपट्टी, पेन आणि फोनचा कॅमेरा.
- एक चुंबक, एक टॉर्च, पुसायला पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे. पांढरेच हवेत, का ते पुढे येईल.
- हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल. कार्ब्युरेटर क्लीनर डोळ्यात गेल्यावर गॉगल आठवून उपयोग नाही.

यात पेट्रोल नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. बरेच मेकॅनिक पेट्रोलनेच धुतात आणि त्यांना काही होत नाही, होईपर्यंत. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. रॉकेलचं तेच तापमान साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढे. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ३३-३५ वर असतो आणि उन्हात ठेवलेली थाळी त्याहून गरम होते, तेव्हा रॉकेलही सावलीतच वापरा.

यात हिरवी घासणीही नाही. ती का नाही, ते नवव्या पायरीत.

३. कागदपत्रं आणि इंजिन नंबर

इंजिन गाडीतून उतरवण्याआधी आरसी काढून इंजिन नंबर ताडून पाहा आणि त्याचा फोटो घ्या. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे नमुना २५ भरून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्या वेळी आरटीओचे निरीक्षक गाडीवरचे नंबर बघतात. क्रँककेसवर नंबर कोरलेली जागा वायरब्रशने घासू नका, तिथे सँडब्लास्टिंग (दाबाने वाळू मारून सफाई) करू नका आणि जाड रंगही चढवू नका. ब्लास्टिंगला द्यायचंच असेल तर आधी तिथे जाड टेप लावा.

क्रँककेसच बदलायची वेळ आली तर नंबर बदलतो आणि त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. विकणाऱ्याचं बिल घ्या. भंगारातून बिलाशिवाय घेतलेली क्रँककेस स्वस्त पडते, नंतर महाग पडते. विमा, पीयूसी आणि सुट्या भागांची बिलं एका फाइलीत ठेवली की काम झालं.

४. आधी बाहेरून

इंजिन गाडीवर असतानाच, सगळी झाकणं जागेवर असताना बाहेरून धुवा. उतरवल्यावर धुवायला गेलात तर इनटेकचं आणि एक्झॉस्टचं तोंड उघडं असतं. डिचोली, साखळी, उसगाव भागात चाललेल्या गाड्यांच्या पंख्यांमध्ये, म्हणजे ब्लॉकवरच्या त्या पट्ट्यांमध्ये, लाल मातीचा थर तेलाबरोबर भाजून विटेसारखा झालेला असतो. खाणींचे ट्रक जोरात होते त्या काळातला थर आमच्या गाडीवर अजून होता. डीग्रीझर मारून पंधरा मिनिटं थांबा, ब्रशने घासा, साध्या पाइपच्या पाण्याने धुवा. कार्ब्युरेटर, एअर फिल्टरचं तोंड आणि वायरिंगवर आधी पिशव्या बांधा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पाणी सिलांच्या आत शिरतं.

मग एक दिवस वाळू द्या. ही पायरी लोक टाळतात. टाळली की हेड उचलताक्षणी पंख्यांतली लाल माती सरळ बोअरमध्ये पडते.

५. धुण्याआधी घाण वाचा

भाग खोलला की हात लगेच रॉकेलकडे जातो. थांबा. घाण हा इंजिनाचा जबाब आहे आणि एकदा धुतला की परत घेता येत नाही.

जुनं तेल पांढऱ्या किंवा स्टीलच्या थाळीत काढा आणि उन्हात तिरकं धरून पाहा. सोनेरी-पिवळसर चकाकी म्हणजे पितळी किंवा ब्राँझचा बुश झिजतोय. रुपेरी पण चुंबकाला न चिकटणारे कण म्हणजे ॲल्युमिनियम, बहुधा पिस्टन किंवा केस. चुंबकाला चिकटणारे कण गिअरचे, बेअरिंगचे किंवा पिस्टनवरच्या रिंगांचे. काळे तंतू क्लच प्लेटांचे. तेल दुधाळ चहासारखं असेल तर आत पाणी गेलंय. आपल्याकडे पावसात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत हे नेहमी दिसतं, कारण इंजिन पुरतं तापतच नाही आणि आत जमलेली वाफ बाहेर पडत नाही. केशरी, रबरासारखे तुकडे दिसले तर आधी कोणीतरी सिलिकॉन सढळ हाताने वापरलंय.

तळाशी लाल, मऊ गाळ दिसला तर एअर फिल्टर बघा. आपल्या भागातली लाल धूळ लोहखनिजाची असते, पण साध्या चुंबकाला ती सहजी चिकटत नाही. "चुंबकाला काही लागलं नाही, म्हणजे सगळं ठीक" असं समजू नका. ही धूळ आत गेली की रिंगा आणि बोअर दोन्ही खाते.

प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा. कुठल्या नटाखाली कुठलं वॉशर होतं त्याचा तर नक्कीच. तो फोटो नवव्या पायरीत लागणार आहे.

६. तीन थाळ्यांचं सोवळं

थाळी एक: जुनं, निवळलेलं रॉकेल. थाळी दोन: एकदा वापरलेलं पण बऱ्यापैकी स्वच्छ. थाळी तीन: कोरं. भाग एककडून दोनकडे आणि दोनकडून तीनकडे जातो, मागे कधीच येत नाही. प्रत्येक थाळीचा ब्रश वेगळा. आमच्या आजीचं सोवळं जसं होतं तसंच कडक पाळा. पहिल्या थाळीतला ब्रश तिसऱ्या थाळीला लागला की तिसरी थाळी बाटली, ती मागे सरकवा आणि नवीन भरा.

रात्री वापरलेलं रॉकेल बाटलीत भरून ठेवा. सकाळी गाळ तळाशी बसलेला असतो, वरचं निवळ पहिल्या थाळीत परत वापरता येतं. मी सगळं काम साडेचार लिटरमध्ये केलं.

भागांचा क्रम चुकवू नका. आधी गिअर, शाफ्ट, तेलाचा पंप. सगळ्यात शेवटी पिस्टन आणि हेड. कार्बनचे कण कडक असतात आणि ते पंपाच्या रॉकेलात तरंगायला नकोत.

क्लचच्या घर्षणाच्या प्लेटा भिजवू नका, फक्त पुसा. नव्या घालणार असाल तर त्या आदल्या रात्री इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. जुने ओ-रिंग आणि सील धुवायचे नसतातच, फेकायचे असतात.

७. कार्बन: हेड, व्हॉल्व्ह, पिस्टन

हेडच्या घुमटात आणि पिस्टनच्या डोक्यावर काळं कवच असतं. कार्ब्युरेटर क्लीनर मारून रात्रभर मुरू द्या, सकाळी बांबूच्या कापेने काढा. निघालं नाही तर पुन्हा मुरवा. स्क्रूड्रायव्हर उचलायचा मोह होतो, उचलू नका. ॲल्युमिनियमवर पडलेल्या प्रत्येक ओरखड्यात पुढचा कार्बन आधी बसतो. शिवाय पिस्टनच्या डोक्यावर इनटेककडची बाजू दाखवणारी खूण कोरलेली असते, ती खरवडून गेली तर पिस्टन उलटा बसायची भीती.

रिंगांच्या खाचा साफ करायला जुन्या रिंगेचा तुकडा मोडून घ्या, तो खाचेत बरोबर बसतो. फक्त कार्बन काढा, धातू नाही. ऑइल रिंगेच्या खाचेत मागच्या बाजूला बारीक भोकं असतात, तेल परत खाली जायची. ती कार्बनने बुजलेली असतील तर गाडी निळा धूर सोडते आणि लोक उगाच बोअर कापून मोठा करून घेतात. तंगूस घालून एकेक मोकळं करा. पिस्टनच्या बाजूंना काहीही घासू नका.

व्हॉल्व्ह काढताना इनटेक आणि एक्झॉस्ट वेगळे ठेवा, त्यांच्या स्प्रिंग आणि कॉलेटसह (स्प्रिंग अडकवून धरणाऱ्या छोट्या फाका). इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर ओला, चिकट, काळा थर असेल तर त्याच्या दांड्याच्या सिलातून तेल झिरपतंय. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट वापरलीत तर लक्षात ठेवा, ती म्हणजे तुपात कालवलेली वाळू आहे. सगळं हेड साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हॉल्व्ह बसवून झाल्यावर पोर्टमध्ये (हवा-धुराच्या वाटेत) रॉकेल ओता आणि दहा मिनिटं थांबा. घुमटात थेंब आला तर पुन्हा घासा.

आता एक सावधगिरी, जी मला पैसे घालवून कळली. पहिल्या वेळी मी हेड एका ठिकाणी "केमिकल वॉश"ला दिलं. परत आलं ते काळपट, आणि गॅस्केट बसते तो पृष्ठभाग बारीक खड्ड्यांनी भरलेला. कॉस्टिक सोडा लोखंडावरचा तेलकटपणा छान काढतो, पण ॲल्युमिनियमला खातो आणि खाताना हायड्रोजन वायू सोडतो. कुठेही भाग द्यायच्या आधी विचारा: आत काय घालता? उत्तर गुळमुळीत आलं तर भाग घेऊन घरी या. शेजारच्या काकूंनी बिंबलांनी (आंबट फळांनी) घासायचा सल्ला दिला होता, समई निघते म्हणून. समईला ठीक आहे. इंजिनात स्टीलचे भाग आहेत, आंबट रस त्यांना गंजवतो.

८. तळाची जाळी आणि फिरता फिल्टर

हे इंजिन उघडणारे निम्मे लोक जिथे पोचतच नाहीत ती जागा ही. या गाडीत आजकालच्या मोठ्या बाइकांसारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. दोन गोष्टी आहेत: क्रँककेसच्या तळाशी एक तारेची जाळी आणि क्रँकच्या उजव्या टोकाला बसवलेली एक फिरती डबी. क्रँकबरोबर ती गरगर फिरते, तेलातले जड कण बाहेरच्या कडेला फेकले जातात आणि तिथेच थापले जातात.

उजवं झाकण काढलं की डबीचं छोटं झाकण दिसतं. ते उघडा. आमच्या गाडीत आतल्या कडेला बोटभर जाडीचा काळा थर होता, ओल्या शेणासारखा दिसणारा आणि दाबला तर मेणासारखा. किती वर्षांत कोणी उघडलं नव्हतं देव जाणे. एवढा थर साचला की नवीन घाण बसायला जागाच उरत नाही आणि ती तेलाबरोबर पुढे निघते.

हा थर काढण्याआधी डबीच्या मध्यावर असलेलं क्रँकचं तेलाचं भोक कापडाच्या बोळ्याने बंद करा. हे विसरलात तर सगळी घाण कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगकडे जाईल. मग लाकडी काप, मग रॉकेलाचा ब्रश, मग पांढरा कपडा. हवेचा फवारा इथे मारू नका. झाकणाची गॅस्केट नवीन घाला.

जाळी बाहेर ओढून धुवा आणि उजेडासमोर धरा. एकही चौकट बुजलेली दिसायला नको. फाटली असेल तर नवीन.

पंप खोला, आतला आणि बाहेरचा रोटर कुठल्या बाजूने होता त्याचा फोटो घ्या. नखाला लागेल असा ओरखडा असेल तर पंप बदला. पंपाच्या बाबतीत "चालेल अजून" म्हणायचं नसतं.

९. तेलाच्या वाटा

इथे वेळ काढा. मी दुसऱ्या वेळी एक पूर्ण रविवार यालाच दिला.

तेल तळाच्या जाळीतून पंपाकडे येतं. पंपातून एक वाट क्रँककडे जाते, दुसरी वर हेडकडे. या आडव्या इंजिनात वर जाणाऱ्या तेलासाठी वेगळी नळी नाही. ब्लॉक आणि हेड धरून ठेवणाऱ्या चार स्टडांपैकी (लांब बोल्टांपैकी) एकाच्या भोवतीच्या पोकळीतून ते चढतं. म्हणून त्या स्टडाच्या नटाखालचं वॉशर तेल अडवणारं असतं आणि ते चुकून दुसऱ्या नटाखाली गेलं तर हेडच्या डोक्यावरून तेल गळतं. पाचव्या पायरीतला फोटो आता काढा.

कागदावर चित्र काढा: कुठलं भोक कुठे निघतं. मग एकेका भोकात कार्ब्युरेटर क्लीनरची नळी घालून फवारा मारा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघा. जिथून यायला हवा तिथून नाही आला, किंवा थेंबथेंब आला, तर तंगूस घालून, फिरवून, पुन्हा फवारा. एका टोकाला टॉर्च धरून दुसऱ्या टोकाने पाहा. उलट दिशेनेही एकदा फवारा मारा, कारण अडकलेला कण एका बाजूला दरवाजासारखा बंद होतो आणि दुसऱ्या बाजूला उघडतो.

शेवटी दाबाची हवा. पंक्चरवाल्याकडे जाणार असाल तर आधी त्याला टाकीच्या खालचा कॉक सोडायला सांगा. आपल्या दमट हवेत टाकीत पाणी साचतं आणि पहिला फवारा हवेचा नसून तुषाराचा असतो.

आता हिरवी घासणी. ती भांडी घासते कारण तिच्या धाग्यांना ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कडक पदार्थाचा चुरा चिकटवलेला असतो. हेडचा पृष्ठभाग घासताना तो चुरा सुटतो, भोकांत पडतो आणि रॉकेलाने विरघळत नाही. तो तेलाबरोबर फिरतो आणि जिथे दोन धातू एकमेकांवर घासतात तिथे बसतो. मी पहिल्या वेळी घासणी वापरली, वर पॉलिशपेपरही, आणि तेलाची भोकं उघडी ठेवून. कॅमशाफ्ट, दोन रॉकर आणि पुन्हा एक गॅस्केट सेट, असा त्या घासणीचा हिशेब. काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंगही याच कारणासाठी आतल्या बाजूला नको. मणी भोकात लपतात आणि इंजिन तापल्यावर बाहेर येतात.

१०. क्रँक आणि बेअरिंग

क्रँक पहिल्या थाळीत बुडवू नका, कारण मळलेलं रॉकेल कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये घाण नेऊन बसवतं आणि तिथून ती काढणं कठीण. क्रँक उभा धरून बाहेरून पुसा, मग तेलाच्या भोकातून कोरं रॉकेल सोडा, रॉड हळूहळू फिरवा, खाली पांढऱ्या थाळीत काय येतं ते पाहा. थाळीत काहीच येईनासं होईपर्यंत. मग त्याच भोकातून इंजिन ऑइल, दुसरीकडून निघेपर्यंत.

बॉल बेअरिंग हवेच्या फवाऱ्याने भिंगरीसारखी फिरवायला मजा येते. आवाजही छान येतो. तेलाशिवाय त्या वेगाने फिरवलं की गोळ्या आणि त्यांची वाट दोन्ही खराब होतात. धुवा, हाताने धरून ठेवून हवा मारा, लगेच तेल, आणि मग बोटाने हळू फिरवा. कुठे अडखळलं तर बदला. क्रँककेसमधून बेअरिंग हातोडीने ठोकून काढू नका. केस १०० अंशांच्या जरा वर तापवली की ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं आणि बेअरिंग बहुतेक वेळा आपणहून सुटते. मात्र केस रॉकेलाने धुतलेली असेल तर आधी साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून मगच तापवा.

११. गॅस्केट आणि आंधळी भोकं

जुनी गॅस्केट रिमूव्हर लावून मऊ करा आणि प्लास्टिकच्या काठाने काढा. छिन्नी नको. नवीन बसवताना सिलिकॉन लागणार असेल तर अगदी पातळ. बाहेर जेवढं ओघळताना दिसतं तेवढंच आतही ओघळतं, तुटतं आणि जाळीवर जाऊन बसतं.

बोल्टची काही भोकं आरपार नसतात. त्यांच्या तळाशी रॉकेल किंवा तेल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर द्रव दबत नाही, केस तडकते. कानातल्या काड्यांनी एकेक भोक कोरडं करा. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून बसा.

१२. शेवटची आंघोळ आणि तेल

लेथवाल्याकडून बोअर मारून आलेला ब्लॉक "धुऊन दिलाय" असं सांगतील. विश्वास ठेवू नका. होनिंगच्या (बोअरला दगडाने घासून पाडलेल्या) खाचांत दगडाचा बारीक चुरा असतो आणि रॉकेल फक्त तेल धुतं, चुरा खाचांत तसाच राहतो. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि कडक नायलॉनचा ब्रश, दोन-तीन वेळा. मग कोरडा करून लगेच तेल लावलेला पांढरा कपडा आतून फिरवा. कपडा राखाडी आला तर पुन्हा साबण. पांढरा येईपर्यंत हेच. मला पाच वेळा लागलं.

धुणं आणि तेल लावणं यात अंतर ठेवू नका. चहा नंतर. हेड आणि क्रँककेस ॲल्युमिनियमच्या, त्या जरा थांबू शकतात. बोअर, गिअर, कॅमशाफ्ट आणि बेअरिंग थांबू शकत नाहीत. तेल लावलेला भाग झिपच्या पिशवीत घाला, वर नाव लिहा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद दमट हवा पितो आणि दोन दिवसांत स्टीलवर अक्षरांसकट गंज उमटतो.

१३. पहिली किक

जोडणी हा वेगळा विषय, त्यात शिरत नाही. पण जोडून झाल्यावर लगेच इंजिन सुरू करू नका. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेल तेवढ्याच मापात भरा, स्पार्क प्लग काढा, किल्ली बंद ठेवा आणि हाताला दम असेपर्यंत किक पायाऐवजी हातानेच मारत राहा. पंपाने तेल वर चढवायला हवं. मग प्लग लावून सुरू करा, पण टॅपेटची एक टोपी (हेडवरचं, ज्यातून रॉकर दिसतो ते झाकण) उघडीच ठेवून, खाली कपडा धरून. मंद चालीवर थोड्याच वेळात रॉकरवर तेल ओलं होताना दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर लगेच बंद करा आणि नवव्या पायरीवर परत या. मी पहिल्या वेळी ही टोपी उघडून पाहिली असती तर सहाशे किलोमीटर थांबावं लागलं नसतं.

पहिलं तेल मी ५० किलोमीटरवर काढतो, दुसरं ५०० वर. दुसऱ्या बांधणीनंतर पन्नासवर निघालेल्या तेलात केसाएवढ्या चार-पाच रेघा चमकत होत्या, सगळ्या चुंबकाला चिकटणाऱ्या. नव्या रिंगा बोअरशी जुळवून घेत होत्या. पाचशेवरच्या तेलात थाळीचा तळ स्वच्छ दिसला. ते तेल आणि उरलेलं काळं रॉकेल वेगवेगळ्या कॅनमध्ये भरून, जळकं तेल गोळा करून देणाऱ्या गॅरेजमध्ये पोचवलं.

गाडी आता वडीलच चालवतात. हिरवी घासणी आईने परत नेली.